काही तक्रार?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



सरांच्या नावाच्या व्याख्यानमालेत काय बोलायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. १९९१ साली मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी मला ज्या कामाला जुंपलं, त्या कामाबद्दलच बोलणार आहे. ते काम म्हणजे रिमांड. नाव झालेले वकील रिमांडला थांबत नाहीत. त्यात फी नसते, उलटतपासणी नसते, ऐकायला कुणी बसलेलंही नसतं. सर मात्र थांबायचे. पुढेपुढे तर ओळखपाळख नसलेल्या, वकील नसलेल्या आरोपींसाठीही थांबायचे.

रिमांड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवणाची सुट्टी होते, बोर्डावरची कामं उरकत येतात आणि आवारात पोलिसांची गाडी लागते. चार-पाच जण उतरतात. तोंडावर काळा बुरखा, हाताला दोरी, दोरीचं दुसरं टोक शिपायाच्या मुठीत. कोर्टात आल्यावर बुरखा काढतात. तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट पुढे ठेवतो. सरकारी वकील उभे राहून मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदार निष्पन्न करायचे आहेत, असं म्हणतात. दंडाधिकारी साहेब मान वर करून आरोपीकडे पाहतात. नाव विचारतात, आणि मग विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’

आरोपी म्हणतो, ‘नाही.’

रोजनाम्यात ओळ पडते: आरोपीस विचारले असता पोलिसांविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार नाही. पुढचा आरोपी. हा प्रश्न आणि हे उत्तर यांना मिळून किती वेळ लागतो, ते मी कितीदा तरी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आहे. दहा सेकंद, फार तर पंधरा.

मला आज या पंधरा सेकंदांबद्दल बोलायचं आहे. कोठडीतला छळ, कोठडीतले मृत्यू असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंद खोली येते, पट्टा येतो. पण त्या बंद खोलीतून माणूस एकदा तरी उजेडात येतो, न्यायाधीशापुढे उभा राहतो. राज्यघटनेच्या २२व्या कलमाने त्यासाठीच २४ तासांची मुदत घातली आहे. तिथे त्याला तोंड उघडायची संधी मिळते, तो ‘नाही’ म्हणतो आणि आपण सगळे त्या ‘नाही’वर विसंबून राहतो. या एका शब्दावर विसंबून आपण किती माणसं गमावली, तेच मला सांगायचं आहे.

हा प्रश्न आला कुठून? पुष्कळ तरुण वकिलांना वाटतं की तो ब्रिटिशांच्या काळापासून चालत आला असेल. तो महाराष्ट्रातूनच आला आहे. शीला बारसे या पत्रकार मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटल्या. १५ जणींशी बोलल्या, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८३च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, त्यांची चौकशी स्त्री पोलिसांच्या समोर व्हावी, अटक होताच नातेवाइकाला कळवावं, जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं, मुंबईत सत्र न्यायाधीशांनी न कळवता कोठड्यांना भेट द्यावी. आणि आरोपीला पहिल्यांदा हजर करतील तेव्हा दंडाधिकाऱ्याने दोन गोष्टी करायच्या: त्याला छळाची तक्रार आहे का, ते विचारायचं आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा तुला हक्क आहे, हेही सांगायचं.

दोन गोष्टी होत्या. त्यांतली पहिली रोजनाम्यात उरली. दुसरी मी फार कमी वेळा ऐकली आहे.

त्याच निकालात आणखी एक आदेश आहे, आणि तो वाचला की माझ्या पोटात कालवतं. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं एक पत्रक राज्य सरकारने मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत तयार करावं, प्रत्येक ठाण्यातल्या प्रत्येक कोठडीत ते चिकटवावं आणि आणलेल्या माणसाला वाचून दाखवावं. मी तीस वर्षं ठाण्यांत जाते आहे. दर्शनी भागात फलक असतात, ते खरं आहे. पण गजांच्या आत, जिथून आतल्या माणसाला वाचता येईल अशा भिंतीवर, मी गेले त्या ठाण्यांत ते पत्रक मला दिसलेलं नाही. आत भिंतींवर नखांनी कोरलेली नावं असतात.

आता १९९४ची एक गोष्ट सांगते. पावसाळा संपत आला होता. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून पारध्यांच्या पालावरचा १९ वर्षांचा एक मुलगा आणला होता. बरोबर त्याची आई आली होती, कोर्टाच्या पायरीखाली उकिडवी बसली होती. ती मला म्हणाली, ‘बाई, पोरगं सोमवारपासनं बसवून ठेवलंय.’ त्या दिवशी गुरुवार होता. रिमांड रिपोर्टमध्ये अटक बुधवारी रात्री साडेनऊला दाखवली होती.

‘बसवून ठेवणं’ आणि ‘अटक दाखवणं’ हे दोन शब्दप्रयोग खेड्यापाड्यांतल्या प्रत्येकाला माहीत आहेत, कायद्याच्या पुस्तकात मात्र ते सापडणार नाहीत. घटनेतले २४ तास मोजले जातात ते दाखवल्यापासून. त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस स्टेशन डायरीत नसतात, कुठेच नसतात. त्या दिवसांत माणूस जिवंत असतो, तहान लागते, मार खातो, पण कागदावर तो घरीच असतो. माझ्या अनुभवात बहुतेक मारहाण याच दिवसांत होते.

त्या मुलाला साहेबांनी नेहमीचं विचारलं. त्याने मागे उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिलंही नाही, खाली पाहिलं आणि म्हणाला, ‘नाही साहेब.’ लेखनिकाने ओळ लिहायला घेतली. तेवढ्यात सर उठले. त्यांचं वकीलपत्र नव्हतं. म्हणाले, ‘साहेब, याला चपला काढायला सांगावं, एवढी विनंती आहे.’

त्याने चपला काढल्या. म्हणजे हाताने पट्टे सैल करून पाय बाहेर ओढले. सरांनी त्याला कठड्याला धरून एक पाय उचलायला सांगितला. तळवा फुगून टाचेपासून चवड्यापर्यंत सपाट झाला होता, मधला खळगा बुजला होता, आणि रंग जांभळ्या वांग्यासारखा. साहेब खुर्चीतून थोडे उठून वाकून पाहत राहिले. कोर्टात पंखा फिरत होता, त्याचाच काय तो आवाज.

तळव्यावर मारायचं कारण सरळ आहे. कपडे घातलेले असले, चपला घातलेल्या असल्या की बाहेरून काही दिसत नाही. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी, असा आज कायदा आहे. ग्रामीण रुग्णालयात ओपीडीची रांग लागलेली असते, शिपाई आरोपीला दोरीसकट टेबलाशी उभा करतो, डॉक्टर नाडी बघतात, रक्तदाब बघतात, ताजी जखम नाही असा शेरा लिहितात, शिक्का बसतो. त्या डॉक्टरांना मी सरसकट दोष देत नाही. त्यांच्यापुढे ऐंशी रुग्ण असतात. पण चपला काढायला सांगायला किती वेळ लागतो? आणि शिपायाला दाराबाहेर थांबायला सांगायला?

त्या मुलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

माणूस ‘नाही’ का म्हणतो? कारण प्रश्न संपल्यावर तो त्याच दोरीने, त्याच गाडीतून, त्याच कोठडीत परत जाणार असतो. रिमांड मिळवायलाच तर त्याला आणलेलं असतं. जो माणूस आज रात्री आपल्याजवळ एकटा असणार आहे, त्याच्या देखत त्याच्याविरुद्ध तक्रार कर, असं आपण त्याला सांगतो. त्याने केली नाही की लिहून ठेवतो, तक्रार नाही.

गप्प बसण्याचा असा अर्थ लावण्याची फार मोठी किंमत या राज्याने एकदा मोजली आहे. २६ मार्च १९७२ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मुलगी १४ ते १६ वर्षांची. तिचा भाऊ आणि इतर माणसं ठाण्याबाहेर ताटकळत होती. सत्र न्यायालयाने हवालदार आणि शिपाई दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली आणि म्हटलं की भीतीपोटी शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणून.

ठाण्यात, रात्री, दार बंद, आणि ती ओरडली नाही म्हणून तिची संमती होती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये कायदा बदलला आणि पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं त्या स्त्रीने सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. देसाईगंजच्या मुलीला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याच्यापुढे गप्प राहण्याचा अर्थ वेगळा असतो, हे निदान एका गुन्ह्यापुरतं या देशाच्या कायद्याने मान्य केलं.

मारहाणीच्या बाबतीत हे अजून मान्य झालेलं नाही. १९८५मध्ये विधी आयोगाने ११३व्या अहवालात ११४-ब असं कलम सुचवलं होतं. पोलिसांच्या ताब्यात असताना माणसाला इजा झाली असेल, तर ती ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. तसं नसेल तर अधिकाऱ्याने दाखवून द्यावं. सर्वोच्च न्यायालयाने नंतर या शिफारशीचा पाठपुरावा केला. आता तर पुराव्याचा कायदाच बदलला. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यात हे कलम नाही. ११४-अ कायद्यात आलं आणि ११४-ब चाळीस वर्षं अहवालातच पडून आहे, याचा मला खरोखर संताप येतो.

परभणीला काय झालं ते आपल्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. डिसेंबर २०२४मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड. पकडलेल्यांत कायद्याचं शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा एक विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. विधानसभेत सरकारच्या वतीने सांगण्यात आलं की दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती. आजाराचा मुद्दाही मांडण्यात आला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण नोंदलेलं होतं. त्याच्या आईने न्यायालयाचं दार ठोठावलं. ४ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो आदेश कायम राहिला. खटल्यात काय सिद्ध होईल ते होईल. मी एवढंच लक्षात आणून देते की माणूस गेल्यावर पहिला बचाव म्हणून पुढे आला तो तोच शब्द होता: तक्रार नव्हती. तो तर कायद्याचा विद्यार्थी होता. आपले हक्क त्याला पाठ असणार.

दुसरं एक वाक्य आहे, तेही इतकं ओळखीचं झालं आहे की ऐकताच काळजात चर्र होतं: ‘आरोपी पळून गेला.’ १९८७मध्ये ओरिसात २२ वर्षांच्या एका तरुणाला चौकीत नेलं, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेरुळांवर सापडलं. पोलीस म्हणाले, पहाटे तीनला दोरी दातांनी चावून तो पळाला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. नीलाबती बेहेरा खटला म्हणून तो वकिलांना माहीत आहे. १९९३मध्ये न्यायालयाने त्या आईला दीड लाख रुपये भरपाई दिली आणि कोठडीतल्या मृत्यूची जबाबदारी थेट सरकारवर टाकली. २००३च्या जानेवारीत मुंबई पोलिसांच्या ताब्यातला परभणीचाच एक २७ वर्षांचा संगणक अभियंता नाहीसा झाला. घाटकोपरच्या स्फोटासाठी त्याला धरलं होतं. पोलिसांनी सांगितलं, पारनेरच्या परिसरात जीप दरीत कोसळली आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही हकीकत खोटी ठरली. प्रेत आजवर मिळालेलं नाही. आरोपपत्र चौघा पोलिसांवर झालं आणि वीस वर्षं उलटली तरी त्याचा निकाल नव्हता. २०१७च्या नोव्हेंबरात सांगलीत लुटीच्या संशयावरून धरलेला एक तरुण ‘पळाला’. प्रत्यक्षात तो ठाण्यात मेला होता आणि त्याचं प्रेत शंभर किलोमीटरहून लांब आंबोलीच्या घाटात नेऊन जाळलेलं होतं. त्या प्रकरणात ठाण्यातल्याच अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्यांना अटक झाली.

या तीन घटनांमध्ये तीस वर्षांचं अंतर आहे. लेखणी बदलली, मोबाइल आले, पण स्टेशन डायरीतलं वाक्य तेच राहिलं.

आकडे मी थोडेच देते, कारण आकड्यांत माणूस हरवतो. २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची ६६९ प्रकरणं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे नोंदली गेली, असं केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं. गुजरात ८०, त्याखालोखाल महाराष्ट्र ७६. दुसरा आकडा २०१५चा, गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालातला. त्या वर्षी देशात पोलीस कोठडीत ९७ मृत्यू. पोलिसांच्या मारहाणीमुळे झालेले म्हणून त्यातले किती नोंदले? सहा. उरलेल्यांत आत्महत्या आहेत, आजार आहेत, उपचार चालू असताना झालेले मृत्यू आहेत. आणि याच ९७ पैकी ६७ जण असे होते, ज्यांना २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे आणलंच नव्हतं किंवा अटकेनंतर २४ तासांच्या आतच ते मेले होते. म्हणजे त्या ६७ जणांना ‘काही तक्रार?’ हे कुणी विचारलंही नव्हतं.

‘आजारपण’ या रकान्याबद्दल जरा थांबून बोलते, कारण हेळसांड आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण मानतो. मांड्या, पोटऱ्या, ढुंगण, पाठ अशा मांसल भागांवर खूप मार बसला की स्नायू आतून चिरडतात. हाड मोडत नाही, रक्त येत नाही. चिरडलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरतं, मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि मूत्रपिंड बंद पडायला लागतात. रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदय अचानक थांबू शकतं. हे लगेच होत नाही. एक दिवस जातो, दोन दिवस जातात. तोवर पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी संपून एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झालेली असते, माणूस तुरुंगात गेलेला असतो. तिथे छातीत दुखायला लागतं आणि कागदावर लिहिलं जातं, हृदयविकार.

पण मधल्या त्या एक-दोन दिवसांत खूण दिसत असते. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, कमी होते. माणूस सांगतो, पाय उचलत नाहीत, मळमळतंय, पाणी द्या. वेळेवर सलाईन मिळालं तर त्यातले कितीतरी जण वाचू शकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय, दवाखान्यात जाऊन पळायचा बेत आहे. ठाणे अंमलदार म्हणतो, साहेब राउंडवरून आले की बघू. मारणारा एक असेल, पण हे ऐकून न ऐकल्यासारखं करणारे पाच-सहा असतात. त्यांनी कुणालाही हात लावलेला नसतो आणि तरीही त्यांच्या डोळ्यांपुढे माणूस मरतो. कोठडीतल्या प्रत्येकाला दर आठ तासांनी पाणी, लघवी, चालणं एवढ्या तीन गोष्टी विचारून लिहून ठेवल्या तरी काही जीव वाचतील, असं मला कळकळीने वाटतं. याला नवीन कायदा लागत नाही, एक वही लागते.

का मारतात, हा प्रश्न मी पोलिसांनाच अनेकदा विचारला आहे. उत्तरं मोकळेपणाने मिळाली आहेत. बारा-बारा तास ड्युटी, सणासुदीला बंदोबस्त, वरून ‘डिटेक्शन’चा तगादा. प्रयोगशाळेचा अहवाल कधी येईल याचा भरवसा नाही. आणि मुद्देमाल तर हवा. आपल्या पुराव्याच्या कायद्यात १८७२पासून एक विचित्र जोडी आहे. २५वं कलम म्हणायचं, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेऊ नका. ब्रिटिशांनीही आपल्या पोलिसांवर विश्वास ठेवला नव्हता. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणारा आयोग १८५५मध्येच त्यांच्यापुढे सगळं मांडून गेला होता. पण २७वं कलम म्हणायचं, आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढं सांगणं पुराव्यात चालेल. आता ही दोन्ही नव्या साक्ष्य अधिनियमाच्या २३व्या कलमात एकत्र आहेत. सारा जोर या दुसऱ्या भागावर येतो. पोरगा बोलला पाहिजे, जागा दाखवली पाहिजे, पंचनामा झाला पाहिजे. बोलेपर्यंत थांबायला कुणाला सवड नसते.

आणि मित्रहो, आपणही त्यात आहोत. घरात चोरी झाली की ठाण्यात जाऊन ‘दोन ठेवून द्या साहेब, लगेच बोलेल’ असं सांगणारे आपणच असतो. मी माझ्या जवळच्या नात्यातल्या, देवभोळ्या, मुंगीलाही न दुखवणाऱ्या माणसांच्या तोंडून हे ऐकलं आहे. ‘दोन’ कुणाला पडणार, हेही ठरलेलं असतं. पालावरच्या, झोपडपट्टीतल्या, ज्याच्यासाठी रात्री ठाण्यात फोन करणारं कुणी नाही अशाला. १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये गेला. मोटार चोरीला गेल्यावर पोलिसांची गाडी पालाकडे वळते ती मात्र अजून वळते.

कायदे कमी आहेत असं म्हणणाऱ्यांशी माझं अर्धंच जमतं. इजा करून कबुली काढणं हा १८६०पासून गुन्हा आहे. १८ डिसेंबर १९९६च्या डी. के. बसू निकालाने अकरा सूचना दिल्या: नावाची पट्टी, अटकेचा मेमो, त्यावर नातेवाइकाची किंवा प्रतिष्ठित माणसाची सही, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. त्यातल्या बऱ्याचशा पुढे कायद्यातही आल्या. २००६पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करायची आहे. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या प्रत्येक कोपऱ्यात सीसीटीव्ही आणि चित्रण जपून ठेवण्याची सक्ती केली. तरी मृत्यू झाला की नेमका त्या रात्री कॅमेरा बंद असल्याचं आपण वाचतोच. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, ती पक्की अजून केलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१०मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकून संपलं. उलट नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. म्हणजे एमसीआर झाली, सुटलो, आता बोलायला हरकत नाही, असा जो थोडासा दिलासा आरोपीला वाटायचा, तोही आता राहिला नाही. त्याला परत नेता येतं.

म्हणून त्या पंधरा सेकंदांकडे परत येते. तिथे बदल करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. तपासी अंमलदाराला आणि शिपायाला दाराबाहेर पाठवावं. प्रश्न ‘काही तक्रार?’ असा विचारू नये. तुला घरातून केव्हा नेलं, कोणत्या वारी, तेव्हा घरात कोण होतं, काल रात्री जेवायला काय दिलं, झोपलास कुठे, लघवी होते का, असं विचारावं. या प्रश्नांना ‘नाही’ एवढंच उत्तर देता येत नाही. चालून दाखवायला सांगावं. कसाबच्या खटल्याच्या निकालात, २०१२मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की पहिल्यांदा हजर केल्यापासून आरोपीला वकील मिळाला पाहिजे आणि तो देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ज्याच्याबद्दल साऱ्या देशाच्या मनात राग होता, त्याच्या खटल्यात हे सांगितलं गेलं. पालावरच्या मुलाला ते लागू नाही असं कोण म्हणेल? विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आमच्या बारमधले वकील आहेत. त्यांनी रिमांडला आधी जाऊन आरोपीशी, पोलिसापासून दहा पावलं लांब नेऊन, पाच मिनिटं बोलायला हवं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे केलं नाही, ही चूक मी माझ्याही पदरात घेते. कितीतरी रिमांडला मी घाईत होते.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. साहेबांनी त्याला तिथूनच सिव्हिलला पाठवलं. दाखल्यात दोन्ही तळव्यांना सूज, निळसर व्रण, दोन ते तीन दिवसांपूर्वीचे, असं आलं. दोन ते तीन दिवस, आणि अटक आदल्या रात्रीची. आम्ही तक्रार दिली. चौकशी लागली. तीन महिन्यांनी तो आणि त्याची आई सरांच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, मिटवून टाका. ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार, त्याच ठाण्याच्या हद्दीत त्यांचं पाल. सरांनी बराच वेळ त्यांना समजावलं, मग स्वतःच अर्ज लिहून दिला. मोटारचोरीच्या खटल्यात सहा वर्षांनी तो निर्दोष सुटला. तोवर आई गेली होती.

सर त्या संध्याकाळी कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर नेहमीप्रमाणे रिमांडला येऊन बसले.

येताना मी विचारून आले आहे, उद्या पॅनेलवर रिमांडला कुणाचा नंबर आहे. माझ्याच ज्युनिअरचा आहे. ती इथे मागच्या रांगेत बसली आहे. चपलांचं मी तिला सांगून ठेवलं आहे.